उतरलेल्या खांद्याचा कागद

मास्तर डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मापाचा टेप त्यांच्या गळ्यातच होता. कोट बेतता बेतता दुकानातून उठून आले होते ते. मुलगी डोळ्यांनी खुणावून दमली, पण यांचं लक्षच नाही.

"मांडीतली गाठ कर्करोगाचीच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण या जातीची मी कधी पाहिली नाही. जगभर शोधलं. फक्त चौदा माणसं सापडली."

"म्हणजे बाबा पंधरावे." मुलगी म्हणाली.

"औषध?" मास्तरांनी विचारलं.

"ठरलेलं असं काही नाही. दुसऱ्या एका कर्करोगाचं औषध देऊन बघता येईल. लागू पडेल, नाहीतर उलटेल. खोटं कशाला बोलू, मला माहीत नाही."

"अहो, ही तर आंधळी कोशिंबीर झाली!" मुलगी उसळली.

"थांब गं. बाई, त्या चौदा जणांना काय दिलं होतं?"

"पाच जणांचं कळतं. बाकीच्यांचं कुणी नीट लिहूनच ठेवलं नाही."

कर्करोग म्हटल्यावर न हललेले मास्तर आता खुर्चीत ताठ झाले. "नऊ माणसं, आणि कागद नाही? काय माणसं आहेत!"

त्यांच्या दुकानात मागच्या भिंतीवर खाकी कागद टांगलेले होते. उतरलेल्या खांद्याच्या कारकुनाचा, पाठीला बाक असलेल्या शिक्षकाचा. नेहमीच्या मापात न बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा बेत मास्तर आधी कागदावर कापत. कुठे चुकलं, तेही त्यावरच लिहायचं. मास्तर माप घेत, मुलगी लिहून घेई. गिऱ्हाईक वारलं तरी कागद काढायचा नाही. तसाच खांदा घेऊन आणखी कुणीतरी येतंच.

"द्या औषध," मास्तर म्हणाले. "पण सगळं लिहायचं. उलटलं तर तेही, लाज न बाळगता. पहिला कोट बिघडतोच हो. कापड गेलं तरी कागद राहिला पाहिजे."

"बाबा, इथं कापड तुम्ही आहात."

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. "ठाऊक आहे गं. मला काय मरायची हौस आलीय? भीती मलाही वाटतेय."

डॉक्टरबाईंनी संमतीपत्र पुढे सरकवलं. मास्तरांनी सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. मुलीने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सही करून तिने ते पेन डॉक्टरबाईंच्या हातात दिलं.

मग तिने बापाच्या गळ्यातला टेप काढला, गुडघ्यांवर बसली आणि तो त्यांच्या मांडीभोवती, बरोबर गाठीवरून, अलगद फिरवला.

"लिहा," ती म्हणाली. "आजचं माप. साडेबावीस."