आबांनी बसवलेली मूठ

"घट्ट धर. लोणी हाय व्हय हातात?"

राजेश्वरीच्या आबांनी, लालासाहेबांनी, तिच्या मुठीवर आपला पंजा आवळला. आष्ट्याच्या घराच्या सोप्यात बापलेक एकच पिस्तूल धरून बसले होते. नेमबाजीच्या सरावाचं एअर पिस्तूल. त्याची लाकडी मूठ तिच्या तळव्यात नीट बसत नव्हती, मध्ये पोकळ राहायची. आबांनी त्या लाकडावर एमसीलचा मसाला कणकेसारखा मळून थापला होता, लेकीच्या हाताला खोबरेल चोळलं होतं. मसाला ओला आहे तोवर हाताचा ठसा उमटायला हवा होता.

"आवं, पोरीचा हात हाय त्यो, पान्हा न्हवं," आतून अंजनाबाई म्हणाल्या.

"फौजेत हत्यार असंच धरत्यात. तू भाकरी बघ, करपली."

भाकरी करपली नव्हती. आबा आपल्याच विनोदावर हसले.

राजेश्वरी सांगणार होती. तिच्या खेळात पिस्तूल आवळायचं नसतं, ते हातात नुसतं विसावलं पाहिजे. पण आबांच्या कपाळावर घाम होता, जीभ दातांखाली होती, आणि फौजेतून घरी आल्यापासून ते इतके खुशीत क्वचितच दिसले होते. तिनं हात तसाच राहू दिला. मसाला कडक झाला.

"बसली का न्हाई?"

"एकदम झकास, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेला दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

पाहुणे पांगल्यावर ती पुन्हा कुपवाडला सरावाला जाऊ लागली. छर्रे डावीकडे खाली जात होते. तळहाताला फोड आला, तरी ती नेम धरत राहिली. शेवटी शिकवणाऱ्या मायामॅडमनीच तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. मुठीवर अंगठ्याच्या बुडाशी एक उंचवटा होता.

"हा काही तुझ्या हाताचा नाही."

"आबांनी वरून दाबलं होतं. तेव्हा मसाला वर आला."

मायामॅडमनी मूठ उजेडात धरली. उंचवट्यावर एका रुंद अंगठ्याच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या.

"एक तर कानस लाव. नाहीतर ही काढून जपून ठेव आणि दुसरी बसव. असंच चाललं तर मनगट जाईल."

घरी येऊन तिनं मूठ सोडवली, आबांच्या पेटीतली कानस काढली आणि सोप्यात बसली. कानस टेकवली. हात पुढं जाईना.

"काय करतीयास गं?" अंजनाबाई दारात आल्या. "त्यांचा अंगठा हाय त्यो."

"व्हय."

"मग ठिव की देवाजवळ. दुसरी मिळंल."

"दुसरी नगं, आई. मला हिच्यानंच नेम मारायचाय."

अंजनाबाई उंबरा ओलांडून सोप्यात आल्या. मग पदर खोचून समोर बसल्या आणि दोन्ही हातांनी मूठ धरली.

"चालीव. मी धरलीया."

पहिल्या घासण्याला राजेश्वरीनं डोळे मिटले. मग उघडले. रेघा एकेक करून पुसट झाल्या, राखेसारखी पूड दोघींच्या मांडीवर पडत राहिली. उंचवटा गेला. ती पॉलिश पेपर फिरवत राहिली आणि मधूनमधून तळवा लावून बघत राहिली.

मूठ पुन्हा बसवून तिनं रिकामं पिस्तूल समोरच्या भिंतीवर रोखलं. कुठंच काही टोचत नव्हतं. बोटं आपोआप सैल पडली, मनगट शांत झालं. आबा गेल्यापासून वर चढून राहिलेले खांदे खाली आले. तिनं छाती भरून श्वास घेतला.

अंजनाबाई मांडीवरची पूड झटकत नव्हत्या.

"त्यांचं काय चुकलं हुतं गं?"

राजेश्वरीनं पिस्तूल खाली घेतलं. आईकडं न बघता ती मोठ्यानं म्हणाली,

"आबा, पिस्तूल एवढं घट्ट धरायचं नसतंय."