काळी पट्टी

काळ्या पट्टीवरून जायचं सोडून गाडी पुन्हा जागच्या जागी गरगर फिरली. नववीतल्या शाल्मलीने धावत जाऊन ती थांबवली. रोबोटिक्सच्या वर्गात एकच जागा उरली होती. तिने बनवलेली ही गाडी पट्टीच्या टोकाला पोचली नाही, तर वर्षभर शिवणकाम घ्यावं लागणार होतं.

"दोन्ही संधी संपल्या," कुलथे सर म्हणाले. "काल तर नीट चालत होती ना गं?"

काल खरंच चालत होती. तिने गाडी उचलून उलटी केली. पट्टी ओळखणाऱ्या दोन्ही सेन्सरना ठसठशीत कुंकू लावलेलं होतं. सकाळी आईने गाडीची पूजा केली असणार. आई बाकीच्या पालकांसोबत दारातच उभी होती. खरं सांगितलं तर सगळे आईला हसले असते.

"धूळ बसली होती, सर," शाल्मली पुटपुटली आणि रुमालाने घाईघाईने पुसायला लागली.

"धूळ नाही हो, कुंकू आहे. मीच लावलं," आई दारातून म्हणाली. "चूक माझी आहे, पोरीची नाही. तिला अजून एकदा चालवू द्या."

पालकांत खसखस पिकली. सर काही हसले नाहीत. "आणखी कुठे काय लावलंय?"

"मोटरवर फूल ठेवलं होतं. ते घरीच काढलं."

सरांनी घड्याळ शून्यावर आणलं. शाल्मलीने गाडी पट्टीवर ठेवली. पहिल्या वळणावर गाडी क्षणभर अडखळली, आणि वळली.