फुटव्हॉल्व्ह

धरणावर स्कूबा शिकणारे आले, अन् चौथ्याच दिवशी तानूबाईची मोटर पाणी उचलेना. पाइप ओढून पाहिला, तर बुडाचा, पाइपातलं पाणी अडवून धरणारा पितळी फुटव्हॉल्व्हच गायब. "त्यायनंच नेला. पान्याखाली दुसरं कोन जाते?" धाकटी जाऊ कानाशी लागली. तानूबाईला ते पटलं. विळा उगारून ती पाणबुड्यांच्या वाटेत उभी राहिली. "माह्या मिरच्या वाळून राहिल्या. व्हॉल्व्ह भेटल्याबिगर एकालेबी जाऊ देत नाई." त्यांच्यातली एक पोट्टी बुडी मारून आली. "मावशी, तळाला कुठंच नाही. शेजारच्या पाइपाला मात्र एक व्हॉल्व्ह आहे, हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला." गाळ शिरू नये म्हणून तानूबाईनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं फाडून व्हॉल्व्हवर बांधलं होतं. शेजारचा पाइप जावेचा. जाऊ मागून म्हणाली, "माह्या पाइपाले कावून लावला यायनं?" तानूबाई वळली. विळा तिनं खाली घेतला नाही.