अर्धा नंबर

हॉटेलातल्या सपाता उजव्या पायाला चावत होत्या, पण दुकानदाराने तक्रार केली नाही. चाळीस वर्षं चपला-बूट विकणाऱ्याचा स्वतःचाच उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वैद्यानेच खोकत बसावं, तशातली गत.

बाकी हॉटेलाला नाव ठेवायला जागा नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी चार दिवस विश्रांती घ्या म्हणून लेकीने हट्टाने इथलीच खोली घेऊन दिली होती. दुसऱ्या ठिकाणाचं नाव तिने काढूच दिलं नाही. पण धंद्यातल्या माणसाला विश्रांती कसली? त्याने पहिल्याच दिवशी वही काढून इथल्या रीती आपल्या दुकानासाठी टिपायला घेतल्या. 'आल्या आल्या पाणी विचारावं.' 'गिऱ्हाईक उभं असेल तर आपण बसू नये.' दुकानाला उतरती कळा लागली होती आणि त्याच्यामागे गल्ल्यावर बसायला कुणी नव्हतं.

एक मुलगा होता. शिवणीचा हात सोन्याचा, पण जीभ तिखट. नऊ वर्षांपूर्वी तो उलटून बोलला म्हणून एका गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि बापाने भर दुकानात त्याला पायरी उतरायला लावली. काय झालं, एवढंही विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा निकाल त्याच दिवशी; नियम म्हणजे नियम. तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा फक्त बहिणीला माहीत होता. बाप तिला विचारत नसे. विचारावंसं मात्र रोज वाटे.

दुसऱ्या संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, कोणी भेटलं का तिथे?"

"इथे कोण भेटणार मला?"

"तसं नाही. बागेत बसता ना?"

"बसतो की. चहा तिथेच घेतो."

"बसत जा," ती म्हणाली. "लगेच उठून आत जाऊ नका."

त्या बागेतच तर सगळी गोम होती. दुकानदार बूट काढून खुर्चीखाली ठेवायचा आणि पाय गवतावर मोकळे सोडायचा. कुंपणाशी टोपी घातलेला एक दाढीवाला माळी असायचा. दुकानदाराला लांबचं धूसरच दिसे, पण एवढं कळत होतं, की माळ्याच्या हातातली कात्री थांबलेली आहे आणि त्याची नजर आपल्या पायांपाशी आहे. दोन पावलं पुढे यायचा, पुन्हा मागे सरायचा. बूट नवेकोरे होते. दुकानदाराने आयुष्यभर चपलाचोर पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मॅनेजरबाईंकडे गेला.

"तुमचं सगळं उत्तम आहे, म्हणूनच सांगतो. तो माळी काम सोडून माझ्या बुटांवर डोळा ठेवून असतो."

"माफ करा. आजच बघते."

दुपारी बागेत माळी नव्हता. दुकानदाराने खूश होऊन वहीत लिहिलं, 'तक्रारीचा निकाल त्याच दिवशी.' हा तर त्याचाच नियम होता.

चहा आणणाऱ्या वाढप्याने मात्र कप ठेवला आणि तसाच वळला.

"काय हो, आज तोंड का उतरलंय?"

"माळीदादाला काढलं, साहेब. पाच वर्षं होता."

"चोरी कबूल केली त्याने?"

"कुणी काही विचारलंच नाही. पाहुण्याचा शब्द शेवटचा, असा नियम आहे इथे. तोही काही बोलला नाही. नुसता हसला आणि टोपी काढून ठेवली."

चहा गार झाला. दुकानदाराला दुकानाची पायरी आठवली. त्या दिवशी पोरगं खाली उतरून मिनिटभर तिथेच उभं होतं, बाप काही विचारेल म्हणून.

त्याने वहीतली शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'आधी माणसाला विचारावं.' मग बराच वेळ पेन हातात धरून आणखी एक ओळ लिहिली. 'घरी गेल्यावर पोराला बोलावून घेणे. माफी मागणे.' नऊ वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी वाटली.

निघायच्या सकाळी किल्ली देताना तो म्हणाला, "बाई, मी तक्रार मागे घेतो. चूक माझी आहे. त्या माळ्याला परत बोलवा, मीच बोलतो त्याच्याशी."

"पहिल्या गाडीनेच गेला तो. पत्ता ठेवला नाही. या खेपेला बहिणीलाही सांगणार नाही म्हणाला." बाईंनी टेबलाखालून एक कागदी पुडकं काढलं. "हे मात्र तुम्हाला द्यायला सांगितलंय. स्वतः शिवल्यात त्याने. तुमचं माप कधी घेतलं, देव जाणे."

पुडक्यात चामड्याच्या सपाता होत्या. दुकानदाराने त्या तळाला तळ लावून डोळ्यांजवळ धरल्या. उजवी अर्धा नंबर मोठी होती.