आरशाची ऑर्डर

सलूनवाल्याने खिशातून टेप काढली आणि काकांच्या लेकीचा लॅपटॉप मोजायला घेतला.

“एवढासाच? मला चार फुटी दोन हवेत,” तो म्हणाला.

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे. लेकीने नवीन आरसा शोधून काढला, तिचं नाव छापून आलं, असं त्यांनी अख्ख्या इमारतीत सांगितलं होतं; तेच ऐकून सलूनवाला आला होता. नोकरी सोडून ती कॉम्प्युटरवर ठिपके मांडत बसली होती तोवर कुणी विचारलं तर ते ‘घरीच असते’ एवढंच म्हणत. आता पहिल्यांदा त्यांची छाती फुगली होती, तीही चुकीच्या मालावर. खरं सांगितलं तर हवा जाणार. न सांगावं, तर चार फुटी दोन कुठून आणायचे?

तिने खरं दाखवलं.

पडद्यावर गणितातल्या एका खेळाच्या चौकटीच चौकटी. काही ठिपक्यांनी भरलेल्या, बाकी रिकाम्या. शेजारच्या किती भरल्यात त्यावर प्रत्येकीचं जगणं-मरणं ठरायचं, मध्ये कुणाची वशिलेबाजी नाही. मधोमध एक नक्षी ढिम्म बसलेली. कोपऱ्यातून पाच ठिपक्यांचं टोळकं तिरकं सरकत आलं आणि तिच्यावर आदळलं.

नक्षीची भंबेरी उडाली. ठिपके फुटले, उकळले, सैरावैरा पसरले.

“गेली कामातून,” सलूनवाला म्हणाला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मग गदारोळ शमला. टोळकं काटकोनात वळून चालू लागलं, पाचच्या पाच, धडधाकट. नक्षी जिथल्या तिथे, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. दुसरं टोळकं आलं. त्याचीही तीच गत.

“हिला मी शोधलं,” लेक म्हणाली. “येईल त्याला वळवते, म्हणून आरसा म्हणायचं. बाबा, यात तोंड नाही दिसत.”

सलूनवाल्याने टेप गुंडाळली. “तोंड दिसत नाही तर आरसा कसला? काका, फसलात तुम्ही.”

लेक लॅपटॉप मिटायला लागली. बाबांनी मध्ये हात घातला. चष्मा लावला.

“पुन्हा लाव.”

आणखी तीन टोळकी आदळून वळली, ती त्यांनी बोटावर मोजली. मग उठले, सलूनवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला अलगद दाराकडे वळवलं.

“चल तुझ्या दुकानात. तुझ्या आरशावर एकदा डोकं आपट. बघू, तो परत जुळतो का. आणि तूसुद्धा.”