वसमतला निघालेली पिकअप

"बुश कुठं गेले?" संपतराव पिकअपखालून ओरडले.

दिपाली लेकराला खांद्यावर घेऊन ओसरीत आली. मागची चाकं काढलेली पिकअप दगडांवर टेकवलेली होती. बारदानावर नवे शॉकअप, पाने, नट, सगळं जिथल्या तिथं. शॉकअपच्या कड्यांत बसवायचे दोन रबरी बुश तेवढे नव्हते.

"करडानं चघळले असतील, दादा."

"करडाला पाला सोडून रबर गोड लागतंय व्हय?" अंगण झाडता झाडता कौशल्याबाई फणकारल्या. "धड ठेवलेच नसतील. आज लेकीला पोचवतो म्हणून जावयाला सबद दिला, अन् हे बसले धुंडाळत."

संपतरावांनी हात पुसले, टोपी घातली आणि बुश आणायला हिंगोलीच्या बसला गेले.

शॉकअप बदलायचा हा घाट दिपालीमुळेच घातला होता. दवाखान्यातून घरी येताना गाडी अशी उडाली होती की, तिनं बाळाची मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तेव्हाच ती म्हणाली होती, "या गाडीतून मी हिला वसमतला नेणार नाही." अजूनही बाळ जरा जास्त झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. संपतरावांनी शॉकअप आणले. "गॅरेजवाला नट अर्धे आवळतो. माझ्या नातीसाठी मीच बसवतो," म्हणाले.

मायचं, कौशल्याबाईंचं, मात्र एकच पालुपद. पहिलं बाळंतपण माहेरी, रीत झाली. सव्वा महिना उलटला. आता आपल्या घरी जावं.

"लोकाची अमानत हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पोचती केलेली बरी."

ते दिपालीला लागायचं. कॉलेजात असताना हीच माय तिच्या वेणीला तेल लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. लग्न काय झालं, आपण हिला जड झालो?

अंधार पडता पडता संपतराव बुश घेऊन परतले.

"उद्या सकाळी बसवतो अन् निघतो."

"उद्या बुधवार," चुलीपुढून कौशल्याबाई म्हणाल्या. "जाशील बुधी तर येशील कधी. बेस्तरवारी न्या."

त्या डिंकाचे लाडू वळत होत्या. दिपालीनं हात पुढं केला तर त्यांनी डबा फळीवर ठेवून दिला. "हे तिकडं गेल्यावर खायचे. इथं न्हाई."

बुधवारी शॉकअप बसले, चाकं चढली. शेवटचा नट गाडीवर वजन देऊन आवळायचा म्हणून संपतरावांनी तो सकाळवर ठेवला. गुरुवारी सकाळी बारदानावर नट नव्हता.

संपतराव डोकं खाजवत उभे राहिले. दिपाली हळूच म्हणाली, "दादा, खरं सांगा. तुमच्या खिशात तर न्हाई?"

"माझ्या?" ते चमकले, मग हसत सुटले. "मी काहून लपवीन बाई?"

त्या हसण्यात तिला हवं ते सापडलं. निदान एकाला तरी आपण जाऊ नये असं वाटतंय.

"बापलेकीचं हसू ऱ्हाऊ द्या," कौशल्याबाई केरसुणी आपटत म्हणाल्या. "जावई तिकडं वाट बघून राहिले."

नट शेवटी शेजारच्या शेषरावांकडून आणला. वजनासाठी सगळ्यांना मागं चढवलं. कौशल्याबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या.

"झालं, उतरा," खालून संपतराव म्हणाले.

"नीट आवळा. अजून ढिलं वाटतंय."

"आवळलं की."

"पुन्हा बघा," म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या.

निघताना त्यांनी डबा दिपालीच्या मांडीवर ठेवला. "पोचल्यावर उघड. वाटेत लेकराकडं ध्यान दे." गाडी गल्लीतून वळायच्या आतच त्या पाठ फिरवून घरात गेल्या. दिपालीनं मागं वळून पाहिलं, तर दार लागलेलं.

कनेरगाव नाक्यावरच्या खड्ड्यांतून गाडी बोटीसारखी गेली. बाळ जागं झालं नाही. याच खड्ड्यांत, कॉलेजला जाताना, तिचं डोकं टपाला लागायचं, मागं लादलेल्या शेळ्या बें बें करायच्या आणि दादा हसायचे. माय रोज रात्री कपाळ चाचपून विचारायची, "आज किती टेंगळं?" आता धक्काच नव्हता. हवं तेच झालं होतं, तरी तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.

"माय एवढी घाई का करत होती, दादा?"

"तिचा सभावच तसा," संपतराव म्हणाले आणि समोर बघत राहिले.

वसमतला पोचल्यावर तिनं डबा उघडला. लाडू तिनं पुरवून पुरवून खाल्ले. नवऱ्यानं, विश्वंभरनं, एक मागितला तर म्हणाली, "बाळंतिणीचे आहेत, तुमचे नाहीत." मायचा राग यायचा आणि लाडू गोड लागायचे.

शेवटचा लाडू उचलला तेव्हा तळाशी मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी दिसली. हळकुंड असेल, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, असं वाटून तिनं गाठ सोडली.

आत दोन रबरी बुश होते, आणि एक नट.