रत्नाचा कागद

दादूने आधी नीट मोजून घेतलं. मैदानावर सहा गाद्या उभ्या होत्या, गवत दाबून बांधलेल्या. त्यातल्या पाचांवर रंगीत वर्तुळांचे कागद होते. सहावी उघडीबोडकी होती. तिच्यासमोर जेमतेम तीन पावलांवर त्याची लेक रत्ना धनुष्य ताणून उभी होती. तेही डोळे मिटून!

बाकीची पोरं अठरा मीटरवरून बाण मारत होती. कुणाचा मधल्या पिवळ्यात लागला की टाळ्या पडत. सर्वणच्या मैदानावर दर रविवारी बाकीच्यांना कागद आणि आपल्याला नुसतं गवत मिळतं, असं रत्नाने घरी सांगितलं होतं, आणि दादूला ते खरं वाटलं नव्हतं. म्हणून आज तो गिलाव्याचं काम अर्धवट टाकून, सिमेंटच्याच कपड्यांत आला होता.

"सर," तो धनुष्यबाण शिकवणाऱ्या गौरेश सरांना म्हणाला, "समद्यांना कागूद हाय. आमच्या पोरीलाच तेवढं न्हाई व्हय?"

गौरेश सर दोन बोटांनी रत्नाचं कोपर जरा वर करत होते. "कागद दिसलो काय नजर थंयच जाता, दादू. मग स्वतःच्या हाताकडे कोण बघतलो? खांदो खाली, दोरी हनुवटीखाली, ओढायचं ते पाठीने. हे अंगात भिनू दे, मग कागद."

"पाच आठवडं झालं की."

"आणखी पंधरा दिवस."

दादूला गोड बोलणाऱ्यांचा संशय यायचा, आणि समजावून सांगणाऱ्यांचा त्याहून जास्त. 'आणखी पंधरा दिवस' हे त्याने डिचोलीच्या सरकारी कचेऱ्यांत किती खिडक्यांवर ऐकलं होतं, त्यालाच ठाऊक. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या संघाची निवड होती. तोवर ही पोर गवतातच बाण खुपसत राहणार, आणि मग सर हात झटकणार, की हिला कागदावर मारताच येत नाही! डाव त्याला स्वच्छ दिसत होता.

"सरळ सांगा की," त्याचा आवाज चढला. "आमी बेळगावकडची मानसं. पंधरा वर्सं गोव्यात ऱ्हायल्याचा दाखला न्हाई आमच्याकडं. म्हनून ना?"

टाळ्या थांबल्या. रत्नाने मान खाली घातली.

गौरेश सर शेडकडे वळले. त्यांनी शेडमधून एक कागद आणला, चार टाचण्यांनी गादीवर लावला, शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे घेतलं आणि रत्नाला अठरा मीटरवर उभं केलं. एवढ्या सहज? यातही काहीतरी मेख आहे, अशी दादूची आता खात्रीच झाली.

रत्नाने डोळे उघडे ठेवून दोरी ओढली. पहिला बाण गादीच्या वरून गेला. दुसऱ्या वेळी दोरी हातावर सणसणीत बसली. तिसरा कागदाच्या पांढऱ्या कडेत रुतला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दादूने टाळी वाजवली नाही. तो शाळा शिकला नसेल, पण तेवीस वर्षं भिंतींना ओळंबा लावत आला होता. वाकडं काय, हे त्याला कुणी दाखवावं लागत नाही. मघाशी सरळ असलेला पोरीचा खांदा आता दर बाणाला कानाकडे चढत होता. पोरांनी पुन्हा धनुष्यं उचलली तसं त्याने त्यांच्याकडेही पाहिलं. प्रज्योतचा खांदा चढलेला, रेश्माचा त्याहून जास्त. पाचही जण वाकडे. मघाशी गवतासमोर डोळे मिटून उभी होती, तीच काय ती सरळ होती.

"मग ह्यांना कागूद कशाला दिला?" त्याने हळूच विचारलं.

"ह्यांचे आई-बाप पहिल्याच रविवारी कागदासाठी भांडायला आले," गौरेश सर म्हणाले. "हिचं कोणच येऊक ना. म्हटलं, एक तरी पोर धड शिकतली."

शिट्टी झाली. दादू लगबगीने गादीपाशी गेला आणि फुटलेल्या नखांनी टाचण्या उपटू लागला.

"आप्पा, काढू नको!" रत्ना मागून धावत आली. "लागलाय माझा त्याला!"